आजीचे हजार चंद्र: आखाजीच्या केकाच्या नोंदी

२ एप्रिल २०२५, बुधवार

काल रात्री फोनवर ठरलं. आजीचं सहस्रचंद्रदर्शन १ मेला, गावच्या घरी. ३० एप्रिलला आखाजी (आमच्याकडची अक्षय्य तृतीया), म्हणजे आत्या आणि बहिणी माहेरी आलेल्याच असतील. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे जावयांनाही सबब नाही. पूजा, औक्षण आणि जेवण काका-काकूंकडे. जेवण अर्थातच वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. ‘गोडाचं काय वेगळं ते तू बघ,’ असं म्हणून काकूने केक माझ्यावर टाकला. पानं साठ-पासष्ट.

मुहूर्ताचा हिशेब मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस होतात, म्हणजे ८० वर्षं आणि जवळपास १० महिने. आजीच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४४ आहे. (त्या पिढीतलं निम्मं खान्देश १ जूनला जन्मलेलं आहे, गुरुजींची कृपा.) त्या हिशेबाने हजार चंद्र ७ एप्रिलला भरतात. भटजींना १ मे चालतो, आजीलाही चालतो.

केकाला अटी अशा. अंडं नाही, पूजेचा दिवस आहे. जळगावहून भुसावळ, पुढे तापी ओलांडून फैजपूरच्या बाजूला गाव. गाडीत तास-दीड तास, तोही आखाजीच्या उन्हात. गावचा फ्रिज त्या दिवसांत आमरस आणि दुधाने गच्च, त्यात केकाला जागा मागायची सोय नाही. आजीला कवळी आहे, म्हणून कडक काही नको. आणि पोरांना ‘केक म्हणजे केक’ दिसायला हवा.

५ एप्रिल, शनिवार

पोरांच्या अटीपासूनच सुरुवात केली. आमच्याकडे वाढदिवस म्हटलं की क्रीमची फुलं. दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात ३८ अंश होते. तीन ताटल्यांत तीन प्रकार काढून ओट्यावर मुद्दाम उघडे ठेवले.

फेटलेलं विकतचं क्रीम: पंधरा मिनिटांत फुलांच्या कडा गेल्या, पाऊण तासात फूल ओळखू येईना. बटर आयसिंगचं काही वेगळं होणार नव्हतंच. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या मध्ये वितळतं आणि आपली खोलीच त्याच्या वर आहे. चॉकलेटही साधारण ३४ अंशांना सुटतं. चॉकलेटमध्ये साय घालून केलेलं गनाश छान चमकत होतं, पण घट्ट व्हायचं नाव नाही.

मग कूलर लावून पाहिला. पारा उतरला, पण कूलर हवा ओली करतो. वरून भुरभुरलेली पिठीसाखर अर्ध्या तासात चिकट झाली. दुकानातला केक एसीच्या काचेमागे असतो आणि घरी नेऊन लगेच कापला जातो, म्हणून तो तसा दिसतो. आपला केक आदल्या दिवशी भाजून, गाडीतून जाऊन, पूजा उरकेपर्यंत ओसरीवर थांबणार. क्रीम बाद. बटर बाद. चॉकलेटही बाद.

उरलं ते भाजलेल्या पिठाचं अंगचं रूप. मला ते क्रीमपेक्षा आवडतं, पण हे पोरांना पटवायचं आहे.

७ एप्रिल, सोमवार

हिशेबाचा दिवस. सकाळी आजीला फोन केला आणि सांगितलं, आज्जे, आज तुझे हजार चंद्र झाले. ‘मोजले कोनी?’ एवढंच म्हणाली.

चुलतभावाच्या मुलीने फोन हिसकावून विचारलं, मग केकवर हजार चंद्र काढणार का? केकवर नाही मावणार म्हटलं. पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना. गोल, फिकट, वर बारीक तडे गेलेली नानकटाई. उन्हाने बिघडत नाही, डब्यात पंधरा-वीस दिवस राहते, कवळीला चालते, तोंडात विरघळते. हजार करायच्या तर एकेक लहान हवी. कच्चा गोळा १२ ग्रॅमचा धरला तर १२ किलो पीठ. घरच्या ओव्हनचं हे काम नाही.

म्हणजे आता दोन कामं: केक घरी, चंद्र भट्टीवर.

९ एप्रिल, बुधवार

केक केळ्याचाच. रावेर-यावलच्या पट्ट्यातल्या घरात दुसऱ्या कुठल्या फळाचा केक केला तर काका विचारतील, बागेला काय झालं? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागेत आता बहुतेक ग्रँड नैन, टिश्यू कल्चरची रोपं. काकांनी दोन फण्या पाठवल्या, कच्च्या.

पाककृतींत लिहिलेलं असतं, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या. एप्रिलमध्ये इथे हा नियम चालत नाही. या जातीचं केळं फार उष्णतेत पिकलं की साल नीट पिवळी होतच नाही. हिरवट राहते आणि आतला गर मात्र मऊ होतो. वखारीत गार खोलीत, सतरा-अठरा अंशांच्या आसपास पिकवतात, म्हणून बाजारचं केळं एकसारखं पिवळं दिसतं. घरी गोणपाटात ठेवलेली माझी फणी बाहेरून कच्ची दिसते आणि आतून शिरा झालेली असते. तेव्हा रंग बघायचा नाही. देठाजवळ दाबून बघायचं आणि वास घ्यायचा. गोड, किंचित आंबूस वास आला की ते केकाचं केळं.

पिकतील तशी सोलून, कुस्करून, लिंबाचे चार थेंब घालून २५० ग्रॅमच्या पिशव्या फ्रीझरमध्ये टाकते आहे. एका केकाला एक पिशवी.

१२ एप्रिल, शनिवार

पहिला केळ्याचा केक. कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे, गूळ, दही, शेंगदाण्याचं तेल. लोणी घातलं नाही. तेल गारव्यातही पातळ राहतं म्हणून तेलाचा केक दुसऱ्या दिवशी मऊ लागतो, आणि लोण्याचा वास इथे केळ्यापुढे टिकतही नाही.

सोडा एक सपाट चहाचा चमचा. केळं, दही, गूळ तिघंही आंबट बाजूचे, त्यामुळे सोड्याला काम मिळतं. आंबट कमी पडून सोडा उरला तर केकाला साबणाची चव येते आणि रंग नको इतका काळपट होतो. हा चांगला फुलला. गूळ लवकर करपतो म्हणून १८० ऐवजी १६५ अंश, पन्नास-पंचावन्न मिनिटं, शेवटची पंधरा मिनिटं वर फॉइल.

चव चांगली. पण हा केक पुण्यात केला असता तरी असाच झाला असता.

१३ एप्रिल, रविवार

भट्टीवर जाऊन आले. लहानपणी मे महिना लागला की आई रवा, मैदा, साखर आणि तुपाचे डबे घेऊन भट्टीवर जायची, आम्ही मागे. तिथेच परातीत मळायचं, तिथेच साच्याने पाडायचं, आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी. आता घरोघरी ओव्हन आले, रांग उरली नाही, पण सोय आहे. भाजायच्या दर पत्र्यामागे पैसे, सामान आपलं.

भट्टी विटांची, लाकडावरची. रात्रभर तापवून पहाटे पाव काढतात. पाव निघाल्यावर भट्टी हळूहळू उतरत जाते आणि त्या उतरत्या आचेवर बिस्किटं-नानकटाई लावतात. थर्मामीटर नाही. चिमूटभर मैदा आत टाकायचा आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचं. भट्टीवाल्या चाचांनी माझं १२ किलोचं गणित ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तूप थिजलेलं आणणार की पातळ?’

थिजलेलं, म्हटलं. ‘मग पहाटे सहाला या.’

अमोनिया घालायचा का हेही विचारलं. बिस्किटांत घालतात, खुसखुशीत होतात. पण त्याचा वायू भाजताना पूर्ण निघून जावा लागतो, म्हणून तो पातळ, कोरड्या जिनसांनाच चालतो; केकात घातला तर वास आत अडकून बसतो. आमच्या नानकटाया लहान आहेत, चालला असता. आजीसाठी नको म्हणून बेकिंग पावडरच.

१६ एप्रिल, बुधवार

केकात दादर घालून पाहिली. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, भाकरीची. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे केकाला धरून ठेवणारं काही राहत नाही. २०० ग्रॅम पिठात १०० ग्रॅम दादर घातली तर काप करताना भुगा झाला. ५० ग्रॅम घातली तर काप नीट निघाला आणि चव बदलली: थोडी भाजकी, थोडी भाकरीच्या कडेसारखी. हीच हवी होती.

पीठ दाताखाली कचकचत होतं. ते दह्यात अर्धा तास भिजवून ठेवलं की जातं. सोडा मात्र भिजवताना नाही, अगदी शेवटी.

वरून सजावटीला चुरा: जाडसर दाण्याचं कूट, गूळ, चमचाभर दादर, तूप, सगळं बोटांनी चोळून कच्च्या केकावर पसरायचं. भाजल्यावर खमंग खरपूस थर येतो, वितळत नाही, घामेजत नाही. आईने वरचा थर तेवढा खाल्ला आणि खालचा केक मला ठेवला.

१९ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी केक लावला आणि तासाभरानेही मध्ये कच्चा. ओव्हन बिघडला असं वाटण्याआधी फ्रिजच्या स्टॅबिलायझरकडे नजर गेली: १९० व्होल्ट. सगळी गल्ली कूलर लावून बसलेली. ओव्हनची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे २३० ला १५०० वॉटचा ओव्हन १९० ला जेमतेम हजार वॉटचा राहतो. तापायलाच दुप्पट वेळ, आणि दार एकदा उघडलं की पुन्हा वर यायला आणखी. पाककृतीतल्या मिनिटांना अशा वेळी अर्थ नाही.

तेव्हा भाजणं पहाटे चार ते आठ. त्या वेळी २२५ च्या पुढे असतं. अंगालाही तीच वेळ बरी.

२४ एप्रिल, गुरुवार

एकादशी. घरात चाखायला कुणी नाही, म्हणून काही केलं नाही. सामान मोजलं. काकूने घरच्या म्हशीचं २ किलो तूप पाठवलं, १ किलो डेअरीतून आणलं. मैदा ४ किलो, बेसन १, रवा १, पिठीसाखर ३. जमले १२.

डालडा निम्मा घाल, स्वस्तात होईल आणि आकारही छान राहील, असं मैत्रीण म्हणाली. आकाराचं ती खरं बोलते, वनस्पती तूप उशिरा वितळतं. पण ते टाळूला चिकटून राहतं. पैसे जाऊ देत.

२६ एप्रिल, शनिवार

पहाटेची तालीम, अर्धा किलोची. तूप आणि साखर फेटताना तुपात हवा धरली जाते, त्यानेच नानकटाई हलकी होते. पातळ तूप हवा धरत नाही आणि पत्र्यावर पसरून चपटं पापड होतं. फ्रिजमधलं तूप बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत कडेने सुटायला लागलं. उपाय: मोठ्या परातीत बर्फ, त्यात लहान परात, त्यात फेटणं. हात आखडतात, पण तूप पांढरं आणि फुललेलं राहतं.

वेलदोडा आणि जायफळ. वर काही नको, तडेच छान दिसतात.

२७ एप्रिल, रविवार

भट्टी. आई, दोघी मावशा, मावसबहीण, आणि गोळे वळायला उत्साही पण उपयोग कमी अशी तीन मुलं. मळून आणलेलं पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यांतून नेलं. भट्टीच्या खोलीत ते दहा मिनिटांत सैल पडायला लागलं. चाचांनी न विचारता दोन मुठी रवा टाकला, फिरवलं, म्हणाले, आता वळा. रव्याचं तूप शोषायचं काम मला माहीत होतं, पण किती मुठी ते त्यांच्या हातालाच ठाऊक.

मोजणी वजनाने: १ किलो २०० ग्रॅम पीठ म्हणजे शंभर. पहिल्या शंभरानंतर मुलांचे गोळे मोठे व्हायला लागले, म्हणून मावशीने तराजूची सूत्रं हाती घेतली. पहिला पत्रा जरा जास्त लागला, कडा काळ्या. मावसबहिणीच्या मुलाने ‘ग्रहण लागलं’ म्हणून जाहीर केलं आणि ग्रहणाचे सगळे चंद्र मुलांनी तिथेच संपवले. त्यांची भरपाई शेवटच्या पत्र्यात केली. चाचांच्या घरी एक डबा दिला, तो हिशेबाबाहेर.

पूर्ण गार झाल्यावरच डबे बंद केले. कोमट भरल्या तर झाकणाला घाम येतो आणि दुसऱ्या दिवशी नानकटाई मऊ.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्यासाठी कोरडं मिश्रण सात पुड्यांत बांधलं: कणीक, मैदा, सोडा, बेकिंग पावडर, मीठ, जायफळ. ओव्हनमध्ये एका वेळी दोनच टिन बसतात. सगळं पीठ एकदम भिजवलं तर सोड्याचा वायू रांगेत उभ्या असलेल्या पिठातच संपून जातो आणि शेवटचा केक बसका होतो. म्हणून दोन टिन आत जायच्या वेळी दोनच पुड्या फोडायच्या. दादर मात्र सगळी एकदमच दह्यात भिजत घातली, फ्रिजमध्ये. केळ्याच्या पिशव्या रात्रीच बाहेर काढल्या.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

साडेतीनला ओव्हन लावला. आठपर्यंत सातही झाले. दहा मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर. घरातली हवाच इतकी गरम की केक गार व्हायला दुपार झाली. तोवर इथली घागर भरून झाली: पाण्याची घागर, वर डांगर (खरबूज), आंबा, सांजोरी. पुरणपोळी-आमरस जेवून चार वाजता निघालो.

डब्यांना आतून सुती फडकं, केक मागच्या सीटवर, नानकटाई डिकीत. डिकीत हात घालवत नव्हता. नानकटाईला फरक नाही, केकाचं तिथे दोन तासांत आंबोण झालं असतं.

गावी पोचलो तेव्हा आत्या अंगणातल्या चुलीवर मांडे करत होती. उपड्या खापरावर, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवत नेते आणि एका झटक्यात खापरावर टाकते. पीठ कुठे फाटत नाही. खापर तापलं की नाही हे हात वर धरून ठरवते. मी तासभर बघत बसले. पीठ किती वेळ मळायचं विचारलं, तर ‘होईपर्यंत’.

१ मे, गुरुवार

पूजा दहाला संपायची ती साडेअकराला संपली. ओसरीवर ४१. केकांना काही झालं नाही.

मेणबत्त्या नव्हत्याच ठेवल्या. काकूच्या हाताच्या फुलवातींनी औक्षण झालं. सात केक पाटावर ओळीने, भोवती आणि मागे पितळी परातींमध्ये नानकटायांचे ढीग. पोरांनी क्रीम कुठे आहे विचारलं नाही, ती हजार मोजायला बसली होती. ९९४ भरल्या. सहा कुणी खाल्ल्या यावरून जेवणापर्यंत चौकशी चालली.

आजीने केकाचा काप हातात घेऊन आधी वास घेतला.

‘आंडं तं नाही ना टाकलं व पोरी?’

नाही म्हटलं.

‘केयाचं हाये का हे?’ मग एक घास खाल्ला, वरचा चुरा बोटाने उचलून खाल्ला. ‘आन् दादर बी हाये. गूळ जास्त झाला.’

गूळ खरंच जास्त होता. आमरसानंतर तर फारच. काकांना मात्र पुरेना.

बट्ट्या तळणारे आचारी केक बघायला आले. त्यांचं म्हणणं, बट्टी उकडून तळतो तसं याचंही काही चुलीवर होईल का? होतं, म्हटलं. जाड बुडाचं पातेलं, तळाशी मीठ किंवा वाळू, वर स्टँड, घट्ट झाकण, मंद आच. कुकर घेतला तर शिटी आणि रिंग काढून. वेळ ओव्हनपेक्षा थोडा जास्त. त्यांनी मापं फोनमध्ये लिहून घेतली.

प्रत्येक घरी जाताना पंधरा-पंधरा नानकटायांची पुडी दिली. केकाचा तुकडा उरला नाही.

३ मे, शनिवार

दोन आत्यांचे आणि आचाऱ्यांचे फोन आले, म्हणून मापं एका जागी. एका ८ बाय ४ इंची लोफ टिनला: कणीक ७५ ग्रॅम, मैदा ७५, दादर ५०, दही १००, केळ्याचा गर २५०, तेल ८० मिली, सोडा १ चहाचा चमचा, बेकिंग पावडर अर्धा, मीठ चिमूट, जायफळ. गूळ ११० होता, तो ८५ करायचा. गूळ कमी केला की ओलावाही थोडा घटतो, म्हणून दही १५ ग्रॅम वाढवून बघणार.

चुऱ्यात तीळ घालायचे का, ते पुढच्या केकाला. तो जूनमध्ये, मावसबहिणीच्या मुलाचा. त्याला ग्रहणवाली नानकटाई हवी आहे, मुद्दाम काळी केलेली. कोको घालून होईल. भाजणं किती ते चाचांना विचारायचं, त्यांचे दोन पत्रे अजून आमच्याकडेच आहेत.